कुरुंद, हिरकणी आणि आज्जीची विळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात टोमॅटोवरून भांडण झालं. आईने सुरी टोमॅटोवर ठेवली, दाब दिला, टोमॅटो आधी चपटा झाला आणि मग फुटला. अर्ध्या बिया ओट्यावर, अर्ध्या आईच्या साडीवर. मी बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून कॉलवर होतो, तरी मला ऐकू आलं, "घरात चार सुऱ्या हायत आणि एकीलाबी धार न्हाई. इंजिनियर पोरगा असून काय उपेग!"

मग मी आमच्या पिढीने जे करायचं असतं ते केलं. माईक म्यूट केला, फोन काढला आणि धार लावायचं काहीतरी शोधलं. दोन दिवसांनी उचगावच्या आमच्या दारात पार्सल आलं. आत फूटभर लांबीची एक करडी दांडी, तिला काळी प्लास्टिकची मूठ. लांबून गुळगुळीत दिसते, पण बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखी खरखरीत. खोक्यावर लिहिलेलं, डायमंड शार्पनिंग रॉड.

आज्जीने ती हातात घेतली. "कशाची हाय?"

"हिऱ्याची."

"कितीला घेतलीस?"

"साडेसहाशे."

बाजारात गंडून आलेल्या नातवाकडे जसं बघायचं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "साडेसहाशेत हिरा देणाऱ्याचा पत्ता मलाबी दे."

आज्जीचा प्रश्न बरोबर होता. दांडीवर खरोखरच हिऱ्याची कणी आहे, जाहिरातीतला शब्द नव्हे. मग ती इतकी स्वस्त कशी? आणि त्याहून साधा प्रश्न, जो मला रात्री झोपताना पडला: ही दांडी यायच्या आधी आमच्या घरातल्या सुऱ्यांना धार कोण लावत होतं?

उत्तर मला माहीत होतं. फक्त ते बरेच दिवस आठवलं नव्हतं.

*

आमच्या गल्लीत धारवाले चाचा यायचे. मी प्राथमिक शाळेत असल्यापासून. "धाऽऽर... सुरी, कात्री, इळी, धाऽऽर" अशी हाळी. सायकल मोठ्या स्टँडवर उभी करायची, मागचं चाक हवेत. त्या चाकावरून गेलेला एक पट्टा आणि पट्ट्यावर फिरणारा हँडलपाशी बसवलेला लहान गोल दगड. चाचा सीटवर बसून पेडल मारायचे, सायकल जागची हलायची नाही आणि दगड गरगरायचा. पातं टेकलं की ठिणग्यांचा फवारा. आम्ही पोरं त्या ठिणग्यांत हात घालायचो. त्या भाजत नाहीत हे आम्हाला कळलेलं होतं, आयांना नव्हतं.

धार लागली की चाचा पात्यावर अंगठा आडवा फिरवायचे. मग पातं वळवून दुसऱ्या बाजूने एकदाच, अगदी हलकं. हे दुसऱ्या बाजूचं हलकं टेकवणं का, ते मला वीस वर्षांनी कळलं. त्याकडे येतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये गल्लीत येणारे सगळेच थांबले. भाजीवाले परत आले, भंगारवाले परत आले. चाचा आले नाहीत. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चाचांचं आडनाव शिकलगार. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, प्रत्येकाच्या वर्गात एखादा तरी शिकलगार असतो. माझ्या कॉलेजात दोघे होते. पाटील म्हणजे काय, कुलकर्णी म्हणजे काय, देशपांडे म्हणजे काय हे आपण शाळेत शिकतो. शिकलगार म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही ते कधी विचारलं नव्हतं.

अरबीत 'सैकल' म्हणजे धातू घासून त्याला चकाकी आणणं. त्याला फारसी 'गर' लागलं, म्हणजे करणारा. सैकलगर. उत्तरेत त्याचं सिकलीगर झालं, आपल्याकडे शिकलगार. पंजाबातले बरेच सिकलीगर शीख आहेत, आपल्याकडचे बहुतेक मुसलमान. धंदा मात्र एकच: हत्यारांना धार आणि पाणी.

तलवार लोहाराच्या भट्टीतून बाहेर येते तेव्हा ती चमकत नसते. काळपट असते, खडबडीत असते, धार नावापुरती. तिची तलवार करणारा माणूस शिकलगार. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारच्या साहेबांसाठी देशी चित्रकार जी 'धंदेवाल्यांची' चित्रं काढत, त्यांत हा माणूस वारंवार दिसतो. किंबहुना दोन माणसं दिसतात. एक जण आडव्या आसावर बसवलेल्या चाकाला गुंडाळलेली चामड्याची वादी दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढतोय, आपण ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तशी. त्यामुळे चाक एकदा पुढे, एकदा मागे फिरतं. समोर दुसरा जण उकिडवा बसून त्यावर पातं टेकवतोय. मला हे चित्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा चाचांची सायकल आठवली. वादीच्या जागी पट्टा आला आणि ओढणाऱ्या माणसाच्या जागी पेडल. बाकी मांडणी तीच.

हे हत्यारांचं काम गेलं कसं, याचं उत्तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात सत्ताविसाव्या मुंबई पलटणीने बंड केलं. डिसेंबरात शहरात दुसरा उठाव झाला. तो कर्नल जेकबने मोडला आणि छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला पाठवलं, ते परत आले नाहीत. त्याच सुमारास सरकारने या सगळ्या मुलखात लोकांकडची हत्यारं जमा करायचा हुकूम काढला होता. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला आणि त्यांच्या गावावर फौज गेली. पुढच्या वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले, त्यांना बेळगावात फाशी झालं. त्यांचं मुख्य दुखणं दत्तकाची नामंजुरी हे होतं, पण हत्यारं काढून घेण्याचा रागही त्यात होता. वीस वर्षांनी, १८७८ साली, शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा झाला.

या इतिहासात आपण हत्यार धरणाऱ्यांची नावं वाचतो. हत्याराला धार लावणाऱ्याचं पुढे काय झालं, हे त्याच पानावर कुणी लिहीत नाही. गावात त्याला हक्काची जागाही नव्हती. लोहार बलुतेदार होता: फाळ शेवटायचा, कोयता पाजवायचा, सुगीला धान्य घ्यायचं. बारा बलुतेदारांत शिकलगार नाही. त्याचं गिऱ्हाईक शेतकरी नव्हतं, शिलेदार होतं, आणि शिलेदार संपले. मग उरल्या सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे, खाटकाचे सुरे. दरवाज्यात दरबाराऐवजी आमच्या गल्लीतल्या आया.

(थोडं विषयांतर. धार आणि माणूस यांचा हिशोब आपल्याकडे किती जवळचा आहे पाहा: हंगामात आमच्या शिवारात ऊसतोडीला जे नवरा-बायको येतात, त्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. दोन माणसं, एक कोयता. पहाटे पालाच्या बाहेर कानशीने कोयता घासल्याचा आवाज ऐकलाय तुम्ही? मी अजून ऐकतो.)

*

आता त्या चाकाकडे. कारण माझ्या दांडीची गोष्ट त्या चाकात सुरू होते.

धार लावणं म्हणजे लोखंड झिजवणं. लोखंड झिजवायचं तर त्याच्याहून कठीण काहीतरी हवं. आपला दख्खनचा काळा पाषाण इथे कमी पडतो. त्याचा पाटा होतो, वरवंटा होतो, जातं होतं, पण त्यातली खनिजं पोलादाच्याच जवळपासच्या कठीणपणाची. साध्या लोखंडी विळीला ओट्याच्या कडेवर चार हात मारले तर वेळ निभावते. पाणी दिलेल्या पोलादापुढे तो दगड थकतो. कपबशीतला कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासतात, ते याहून चांगलं काम करतं, कारण भाजलेली चिनीमाती जास्त कठीण. आपल्या आयांनी हे प्रयोगाने शोधलेलं आहे.

शिकलगाराच्या चाकात मात्र दगड नव्हता, कुरुंद होता. म्हैसूरकडे, सेलमकडे, रीवा संस्थानात सापडणारा. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. कुरुंद स्वच्छ आणि लाल निघाला तर त्याला आपण माणिक म्हणतो, निळा निघाला तर नीलम. गढूळ, मातकट निघाला तर कुटून त्याची भुकटी करायची, वितळलेल्या लाखेत कालवायची आणि चाक ओतायचं. तीच लाख, जी बांगड्यांत असते आणि पूर्वी पाकिटावरच्या मोहरेत असायची. लाख कण धरून ठेवते. वरचे कण बोथट झाले की थोडी झिजते आणि खालचे ताजे कण वर येतात. यात कण किती कठीण एवढाच प्रश्न नसतो, त्यांना किती घट्ट धरायचं आणि कधी सोडायचं हाही असतो. हे चाक करणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

१७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत चार्ल्स ग्रेव्हिल याने 'आशियातल्या कोरंडम दगडाविषयी' निबंध वाचला. भारतातून गेलेले नमुने, भारतातूनच गेलेलं नाव. कुरुंदमचं कोरंडम झालं आणि ते जगाच्या खनिजशास्त्रात कायमचं बसलं. पुढे १८१२ मध्ये मोज याने कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी केली, तिच्यात कोरंडम नववा आणि हिरा दहावा.

१८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन वीज वापरून माती आणि कोक तापवत होता. त्याला काचेवर ओरखडा काढणारे चकचकीत स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण असणार, म्हणून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. अंदाज चुकीचा होता. तो पदार्थ म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन, त्यात कोरंडमचा कणही नाही. पण नाव चिकटलं. हार्डवेअरच्या दुकानात आपण कार्बोरंडमचा दगड मागतो, तेव्हा एका अमेरिकन माणसाच्या चुकीमुळे आपल्या तोंडी कुरुंद हाच शब्द येत असतो.

मग चाकं कारखान्यात होऊ लागली. १९४१ मध्ये उरणजवळ मोरा इथे ग्राइंडिंग व्हील बनवणारी ग्राइंडवेल सुरू झाली. चाचांच्या सायकलवरचं चाक अशाच कुठल्यातरी कारखान्यातलं, विकत घेतलेलं. म्हणजे चाक घडवायची विद्या त्यांच्या हातातून माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेली होती. धार लावायची तेवढी राहिली होती.

आमच्या घरात या चाकांची माहिती असलेला माणूस आहे. पप्पा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीचशी फेटलिंगमध्ये. ओतलेल्या कास्टिंगच्या कडेला राहिलेलं जादा लोखंड ग्राइंडरवर घासून काढायचं ते काम. त्यांच्या शर्टाला जी काळी धूळ असायची तीत अर्धं लोखंड आणि अर्धं चाक. मी त्यांना विचारलं, चाकावर ती अक्षरं काय असतात? त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं: 'ए' म्हणजे कृत्रिम कोरंडम, 'सी' म्हणजे कार्बोरंडम. मग आकडा, कणाची जाडी. मग चाकाचा टणकपणा. शेवटी बांधणी कशाची: 'व्ही' म्हणजे भाजलेली माती, 'बी' म्हणजे रेझिन, 'आर' म्हणजे रबर.

मी नंतर ती पूर्ण यादी शोधली. तिच्यात आणखी एक अक्षर आहे, 'ई'. ई म्हणजे लाख. आरशासारखं गुळगुळीत काम हवं असेल तिथे लाखेच्या बांधणीचं चाक अजून वापरतात. शिकलगाराचं चाक जागतिक प्रमाणकोशात एक अक्षर होऊन बसलेलं आहे. पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्यात सगळी बीच असायची."

*

राहिला हिरा.

मराठीत हिऱ्याच्या कणीला हिरकणी म्हणतात. आपल्याला आधी रायगडचा बुरूज आठवतो, मग एसटी स्टँडवरचा कक्ष. पण शब्दाचा मूळ अर्थ साधा: हिऱ्याचा बारीक तुकडा. काचवाला काच कापतो त्या हत्याराच्या टोकाला हीच. आणि जुन्या गोष्टींत अंगठीतली हिरकणी खाऊन जीव देतात, तीही हीच.

ती खाऊन माणूस मरत नाही, हे चारशे साठ वर्षांपूर्वी आपल्या शेजारीच छापून आलेलं आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारीही जाऊन यायचा. त्याचं औषधींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात हिऱ्यावर एक संवाद आहे. त्या काळी युरोपात समजूत अशी, की हिरा घणाखाली ठेवला तर घण तुटेल पण हिरा फुटणार नाही. ऑर्ता सांगतो, छे, हिरा सहज फुटतो, त्याची भुकटी होते, आणि त्या भुकटीनेच दुसरे हिरे घासतात. विषाची गोष्टही तो तिथेच खोडून काढतो.

इथे इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षातला एक धडा आहे, जो मी परीक्षेपुरता पाठ केला होता: कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण तो ठोक्याने फुटतो. फुटतो म्हणून त्याची पूड होते, आणि पूड होते म्हणून तो माझ्या दांडीवर आहे. तो न फुटणारा असता तर धार लावायला कधीच उपयोगी पडला नसता.

ऑर्ताच्या काळात हे हिरे प्रामुख्याने आपल्याच भागातून जात. ऑर्ताच्या पुढच्या शतकात जवाहिऱ्या ताव्हेर्निए विजापूरच्या आदिलशाहीतल्या रावळकोंड्याच्या खाणींवर गेला, तेव्हा तिथे त्याला चाकावर हिरे घासणारे कारागीर भेटले. आमचं कोल्हापूरही तेव्हा आदिलशाहीच्याच मुलखात. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा म्हणजे मुख्यतः हिंदुस्थान. त्यानंतर दक्षिण आफ्रिका. तरीही साडेसहाशे रुपयांत दांडी मिळण्याइतका तो कधीच स्वस्त नव्हता.

तो स्वस्त झाला प्रयोगशाळेमुळे. स्वीडनच्या आसेआ कंपनीत १९५३ मध्ये कृत्रिम हिरा झाला होता, पण त्यांनी गवगवा केला नाही. १६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल याने सुमारे एक लाख वातावरणांचा दाब आणि सोळाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान देऊन कार्बनचे हिरे केले. कंपनीने त्याला बक्षीस म्हणून दहा डॉलरचा बचतरोखा दिला, असं हॉल पुढे सांगत असे. अप्रेझलच्या मेलची वाट बघणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना मी ही गोष्ट पाठवली.

अंगठीत बसवावा असा तो हिरा नव्हताच. पिवळसर, वाळूच्या कणाएवढा. पण घासायला तेवढाच लागतो. आज कारखान्यांत वापरला जाणारा जवळजवळ सगळा हिरा असाच केलेला असतो. माझ्या दांडीत आत साधी पोलादी सळई आहे. तिच्यावर विजेने निकेलचा पातळ मुलामा चढवताना हे कण त्यात अर्धे रुतवतात. लाखेच्या जागी निकेल. एक फरक मात्र मोठा: लाख झिजायची आणि खालचे कण वर यायचे. इथे कणांचा थर एकच. तो गेला की दांडी गेली.

*

हे सगळं मला आधी माहीत असतं तर मी दांडी आल्या दिवशी जे केलं ते केलं नसतं. मी सुरी तिच्यावर दाबली. जोर लावून, सिनेमातले आचारी करतात तशी खटाखटा, दोन्ही बाजूंनी. सुरीला धार आलीसुद्धा. चार दिवसांत परत गेली. मी परत दाबली. महिन्याभरात दांडीच्या मधोमध एक चकचकीत पट्टा दिसायला लागला, बोट फिरवलं तर गुळगुळीत. हिरकण्या उपटून निघाल्या होत्या.

पप्पांनी बघितलं. "स्टीलवर डायमंड चालवत न्हाईत. आमच्यात डायमंड व्हील कार्बाइडच्या टूलला. स्टीलला सीबीएन. एवढं इंजिनियरिंग शिकलास."

मी तपासलं. पप्पांचं बरोबर होतं, पण कारखान्यापुरतं. हिरा म्हणजे कार्बन आणि तापलेल्या लोखंडाला कार्बन गिळायची सवय. चाक वेगाने फिरलं की टेकलेल्या जागी इतकी उष्णता होते की लोखंड हिरा खाऊन टाकतं. म्हणून १९५७ मध्ये त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट वेंटॉर्फने बोरॉन आणि नायट्रोजनचा, हिऱ्यासारख्याच घडणीचा पदार्थ केला, तेच हे सीबीएन. हाताने सुरी घासताना मात्र तेवढी उष्णता होतच नाही. म्हणजे दांडी चालते, पण एका अटीवर: सावकाश.

तर माझ्यासारखा गाढवपणा करू नका म्हणून सांगतो. दांडीचं टोक ओट्यावर ओल्या फडक्यात टेकवा, मूठ वर, उभी. सुरी दांडीला काटकोनात धरा, मग त्याच्या निम्मी करा, मग परत निम्मी. एवढाच कोन, वीसेक अंश. आता सुरीच्या बुडापासून टोकापर्यंत, वरून खाली, फक्त सुरीच्या वजनाने ओढा. एका बाजूने पाच-सहा वेळा, मग दुसऱ्या बाजूने. मधून अंगठ्याने पात्याच्या आडवं, धारेपासून बाहेरच्या दिशेने चाचपा. धारेच्या बाजूने लांबीत कधीच नाही. एका बाजूने घासलं की दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक कोर वळून येते, नखाला लागते. ती आली म्हणजे पातं धारेपर्यंत घासलं गेलं. ती तशीच राहिली तर सुरी आज कापते आणि परवा बोथट होते, कारण तुम्ही कापत होतात धारेने नव्हे, त्या कोरेने. म्हणून शेवटी दुसऱ्या बाजूने एकदाच, अगदी हलकं.

तेच ते चाचांचं हलकं टेकवणं.

दांडीला तेल लावू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा. आणि हॉटेलातल्या आचाऱ्याच्या हातात जी गुळगुळीत पोलादी दांडी दिसते, ती ही नव्हे. ती पातं घासत नाही, वाकलेली धार सरळ करते. ती रोज वापरा. ही हिऱ्याची महिन्यातून एकदा पुरे, कारण ती प्रत्येक वेळी तुमची सुरी थोडी खाते.

*

सुऱ्या जमल्या. विळी जमली नाही.

आज्जीची विळी तिच्या लग्नातली. पाट सागवानी, पातं लोखंडी, कांदा चिरला की काळं पडणारं. इतकी वर्षं रोज मधल्या चार बोटांवरच काम झाल्यामुळे पातं तिथे खोलगट झालंय. मी दांडी फिरवली तर गोल दांडी नेमकी त्या खोलगट भागात बसायची आणि तोच आणखी खोल करायची. वरचा भाग कोरडाच. आज्जीने चार दिवस काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "इळी बिघडवलीस तू."

चाचांचा पत्ता पप्पांच्या ओळखीतून लागला. आमच्यापासून फार लांब नाहीत, गांधीनगरात बसतात. गांधीनगर म्हणजे कपड्यांचा होलसेल बाजार. १९४३ ते ४८ मध्ये वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, ते गेल्यावर तिथे फाळणीतले सिंधी आले, त्यांनी उभा केलेला. कपडा आला की शिंपी आले, शिंपी आले की कात्र्या. चाचा आता एका दुकानाच्या पायरीशी बसतात. सायकल नाही, गुडघे गेलेत. अर्ध्या एचपीची मोटर आणि तिच्यावर दोन चाकं.

मला त्यांनी ओळखलं नाही. आज्जीचं नाव सांगितलं तेव्हा विळी ओळखली. पातं डोळ्यांसमोर बंदुकीसारखं धरून बघितलं. "मधी कुणी खाल्लीया ही?"

मी दांडी पिशवीतून काढली. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं, चकचकीत पट्ट्यापाशी थांबले. "दाबलास."

"व्हय."

"हिरा हाय म्हणत्यात यात. खरं?"

मी म्हटलं, खरं आहे, कारखान्यात केलेला आहे, पण हिराच. मग मला राहवलं नाही, मी शिकलगार शब्दाचा अर्थ सांगायला लागलो, सैकल, तलवारी. त्यांनी मधेच तोडलं. "ते आमास्नी ठावं हाय. आमचा आज्जा सांगायचा, तलवारीला धार सगळ्यात शेवटी असती, आधी रेघ. रेघ सरळ झाल्याबिगर धार लावायची न्हाई." आणि मोटर सुरू केली.

मधल्या खोलगट भागाला त्यांनी हात लावला नाही. वरचा आणि खालचा भाग घासत घासत आणला, थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, डोळ्यांसमोर धरायचं, परत. बुडवायचं का ते मी विचारलं. तापलं तर पाणी उतरतं म्हणाले, मग ते लोखंड नुसता पत्रा. दहा मिनिटांत पात्याची रेषा एकसारखी झाली. विळी जराशी अरुंद झाली होती. तेव्हा कुठे त्यांनी धार लावली, पातं वळवलं आणि दुसऱ्या बाजूने एकदा टेकवलं.

पन्नास रुपये झाले. मी शंभर दिले, त्यांनी पन्नास परत दिले.

"तुझ्या दांडीनं सुऱ्या कर घरच्या," म्हणाले. "त्येला माझी ना न्हाई. सुरी घिऊन हितवर कोण यील?" मग शेजारी ठेवलेली एक नागमोडी दातांची कात्री उचलून माझ्यापुढे धरली. "हिला लावून दाखव." आणि हसले. मागे दोन शिंपी त्यांच्या कात्र्या घेऊन उभे होते, मी बाजूला झालो.

विळी वर्तमानपत्रात गुंडाळून, गाडीच्या डिकीत आडवी ठेवून घरी आणली. आज्जीने कागद सोडवला, पाट जमिनीवर टेकवला, पायाने दाबला आणि कोथिंबिरीची जुडी पात्यावर एकदा ओढली. आवाज आला नाही. तिने जुडीची दोन्ही अर्धी वेगळी करून बघितली.

"आता लांब ऱ्हावा रं पोरांनो," ती म्हणाली. घरात सगळ्यात धाकटा मी आहे, अठ्ठावीस वर्षांचा.